मी निवडलेलं सॉफ्टवेअर

आमच्या शाळा मंडळाच्या सगळ्या सायंवर्गांत सध्या जे सॉफ्टवेअर चालतं ना, ते मी निवडलंय. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगू म्हटलं की आमची ही बरोबर त्याच वेळी "चहा टाकू का?" असं विचारते, पाहुणे हो म्हणतात आणि विषय साखर किती यावर जातो.

सायंवर्ग म्हणजे शाळा सुटली तरी ज्यांचे आईबाप कामावरून सुटलेले नसतात, अशा मुलांची सोय. मुलं तिथे गृहपाठ करतात, उरलेला डबा खातात, भांडतात, आणि कोणी न्यायला आलं की घरी जातात. कोण आलं, कोण गेलं, कोणाला कोण घेऊन गेलं, हे सगळं पूर्वी फळ्यावर खडूने लिहीत. एखाद्या कार्ट्याने डस्टर फिरवलं की त्या दिवसाचा इतिहास संपला! मग वरून हुकूम आला. महिनाअखेरपर्यंत सॉफ्टवेअर निवडा, नाहीतर अनुदान परत करा आणि सायंवर्गांना कुलूप लावा.

कुलूप हा शब्द वाचला आणि मी तो हुकूम पुन्हा पहिल्यापासून वाचला. का, ते सांगतो. माझी लेक इस्पितळात नर्स आहे. जावई नोकरीपायी दूर, महिन्यातून एकदा तोंड दाखवतात. लेक आणि नात आमच्याकडेच असतात. मी मंडळाच्या कचेरीत अधीक्षक आणि ही पोस्टात खिडकीवर. दुपारी घरात चिटपाखरू नसतं. म्हणून आमची नात, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, ती शाळा सुटली की सायंवर्गात बसते आणि पोस्ट बंद झालं की ही तिला घेऊन येते. सायंवर्ग बंद झाला असता तर लेकीला नोकरी सोडावी लागली असती. तिने तसं बोलूनही दाखवलं होतं. "बाबा, नोकरीचं काय, पुढे बघता येईल," असं अगदी सहज म्हणाली, आणि मग उगाचच बराच वेळ ओटा पुसत बसली. मला ते पाहवलं नाही.

तर निवड समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून मला घेतलं. माझी पात्रता? कचेरीच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा न फाडता बाहेर काढला होता. तेव्हापासून कचेरीत "त्यांना कळतं त्यातलं" असा माझा लौकिक आहे. मी तो कधी खोडून काढला नाही. लौकिक काही रोज रोज मिळत नाही.

बातमी आमच्या इमारतीत पोचली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. तळमजल्यावरचे लॉकरकाका जन्मभर बँकेत लॉकरच्या चाव्या सांभाळून निवृत्त झालेत. ते जिन्यातच मला अडवून म्हणाले, "कुठल्याही वस्तूला दोन किल्ल्या हव्यात. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. तुमच्या सॉफ्टवेअरला किल्ल्या किती?" मी म्हटलं, विचारून सांगतो. समोरच्या दंतवैद्य बाई म्हणाल्या, "वरून सगळं पांढरंशुभ्रच दिसतं हो, मुळाशी काय आहे ते बघा." आणि वरच्या मजल्यावरचे क्लचमामा, म्हणजे गाडी शिकवायच्या शाळेचे मालक, त्यांनी माझा खांदा दाबून सांगितलं, "विकणारा चालवतो तेव्हा प्रत्येक गाडी झकास पळते. स्टिअरिंग स्वतः घ्या!" हा शेवटचा सल्ला मला पटला. पुढचं सगळं रामायण त्या पटण्यातून झालं.

पण त्याआधी आक्षेपराव. आमच्या खरेदी विभागातल्या या गृहस्थांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते सांगितलं तर कचेरीत कोणाला कळणार नाही. समितीत ते सदस्य. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "वस्तू ठेवणार कुठे?"

"कुठली वस्तू?"

"सॉफ्टवेअर. खरेदी केलेली वस्तू कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, हे लिहावं लागतं."

मी शांतपणे सांगितलं की ते लांब कुठल्या तरी संगणकात असतं, आपण इथून वापरायचं.

"म्हणजे पैसे आपण द्यायचे आणि माल दुसऱ्याच्या घरी?" आक्षेपरावांनी पेन खाली ठेवलं. "आणि परत नाही दिला तर?"

त्यावर आमचा चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत वाद झाला. शेवटी माझ्याच टेबलाचा खालचा खण सॉफ्टवेअरसाठी राखून ठेवायचा असं ठरलं. तो खण आजही रिकामा आहे. मी त्यात छत्रीसुद्धा ठेवत नाही. नियम म्हणजे नियम.

तीन कंपन्या आल्या. पहिली हसरी कंपनी. त्यांच्या पडद्यावर जिकडेतिकडे मुलं हसत होती. आमच्या सायंवर्गात मुलं अशी एकदम हसली तर त्यांना सांभाळणाऱ्या ताई धावत जाऊन काय फुटलं ते बघतात. या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हजेरी होती, आलेख होते, शिवाय मुलाचा आजचा स्वभाव कसा होता हे पालकांना आपोआप कळवायची सोय होती. दुसरी कंपनी होकारवाली. काहीही विचारा, "होऊ शकतं सर!" आक्षेपरावांनी मुद्दाम विचारलं, "यात डबे गरम होतील का?" तर तोही वहीत लिहून घेऊन म्हणाला, "होऊ शकतं सर. पुढच्या आवृत्तीत."

तिसऱ्या कंपनीकडून एक बाई एकट्याच आल्या होत्या. त्यांना सडकून सर्दी झाली होती आणि बोलण्यात लोणी लावायची अजिबात सवय नव्हती.

"यात आलेख आहेत?" मी विचारलं.

"नाहीत."

"स्वभाव कळवायची सोय?"

"नाही." मग एक शिंक.

"मग आहे तरी काय यात?"

"मूल कोणाच्या हातात द्यायचं आणि कोणाच्या नाही, ते बघतं," बाई नाक पुसत म्हणाल्या. "बाकी आम्ही काही करत नाही."

मी त्यांच्या नावापुढे 'उद्धट' असं लिहिलं. अध्यक्षाशी असं बोलतात होय? निदान एखादा आलेख तरी आणायचा!

माझं मन हसऱ्या कंपनीवर बसलं. पण क्लचमामांचं स्टिअरिंग डोक्यात होतं, तेव्हा म्हटलं, स्वतः चालवून बघू. चालवायचं तर मुलांची माहिती भरायला हवी. आणि इथे नियम आडवा आला. करार होण्याआधी पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही मुलाची खरी माहिती कंपनीला द्यायची नाही, असा मंडळाचा सक्त नियम आहे. तो नियम मीच टंकलेखनाला दिलेला, म्हणून माझा तोंडपाठ. आता काय करावं? परवानग्या गोळा करायचा कंटाळा, आणि खोटी नावं सुचता सुचेनात. आणि मग मला ती कल्पना सुचली. सांगायला संकोच वाटतो, पण त्या क्षणी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

नियम म्हणतो मुलांची माहिती द्यायची नाही. मोठ्यांची द्यायला कोणाची ना होती? आमच्या इमारतीचा चिटणीस मीच. सगळ्यांचे फोन नंबर माझ्याकडे. बसलो आणि अख्खी इमारत सायंवर्गात दाखल केली! नवऱ्यांच्या पालक म्हणून बायका घातल्या, बायकांचे पालक म्हणून नवरे. सॉफ्टवेअर मोठ्यांची वयं घेईना, म्हणून सरसकट सगळ्यांना नऊ वर्षांचं केलं. मी स्वतःही नऊ वर्षांचा झालो, पालक आमची ही. मग हसऱ्या कंपनीने दिलेलं 'सर्व सोयी वापरून पाहा' हे बटण दाबलं, आणि कचेरीचा टाइपराइटर झाकावा तसा संगणक झाकून समाधानाने घरी निघालो.

इमारतीच्या दारात पोचलो तर जिन्यात सभाच भरलेली. लॉकरकाकूंच्या फोनवर संदेश आला होता, 'आपलं पाल्य आज केंद्रात पोचलेलं नाही. त्वरित संपर्क साधा.' खाली पाल्याचं नाव, लॉकरकाका. ते त्यांच्यासमोर खुर्चीत बसून शेंगा सोलत होते, पण काकूंना घाम फुटला तो फुटलाच. त्यांनी नवऱ्याला हलवून हलवून खात्री करून घेतली. दंतवैद्य बाईंच्या नवऱ्याला आलं, 'आपल्या पाल्याला दात घासण्याची आठवण करावी लागते.' ते हसले. हसायला नको होतं. क्लचमामांच्या बायकोला आलं, 'आपलं पाल्य खेळताना इतरांना धक्के देतं,' आणि ती म्हणाली, "अगदी खरं आहे हो! कोणी लिहिलंय हे? त्यांना भेटायचंय मला."

"हा प्रकार कोणी केला?" लॉकरकाका म्हणाले. "या वयात मला पाल्य म्हणतात? माझ्या सहीशिवाय लोकांना स्वतःचं सोनं बघता येत नव्हतं!"

मी निमूटपणे वर गेलो. ही दारातच उभी होती. हातात फोन.

"अहो, हे तुमचंच ना?" आणि तिने सावकाश वाचून दाखवलं. "'आपलं पाल्य हुशार आहे पण कोणाचं ऐकत नाही. स्वतःच्या वस्तू जागेवर ठेवत नाही.'" मग फोन खाली घेऊन म्हणाली, "हे सॉफ्टवेअर फार चांगलं आहे. डोळे मिटून घ्या."

भिंगरी तर वेडीच झाली होती आनंदाने. "आजोबा, तुम्ही पण नऊ वर्षांचे? मग माझ्यापेक्षा एकच वर्ष मोठे! आता मला ओरडायचं नाही हं."

हा उद्योग माझा, हे कळताच लॉकरकाकांनी थेट आमच्या मुख्याधिकारी मॅडमकडे तक्रार केली. मॅडमनी बोलावलं. त्या ओरडत नाहीत. चष्मा काढून पुसतात, आणि ते पुसणं ओरडण्याच्या वरताण असतं.

"अधीक्षक, तुम्ही लॉकरवाल्या गृहस्थांना तिसरीत घातलंत?"

"चाचणीसाठी, मॅडम."

"महिना संपत आला. उद्या निवड झाली नाही तर मला सायंवर्ग बंद करायच्या पत्रांवर सही करावी लागेल. आणि तुमच्याकडे दाखवायला काय आहे? शेजाऱ्यांची भांडणं!"

मला फार लागलं ते. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला कोणी 'भांडणं' म्हटलं नव्हतं. 'दिरंगाई' म्हणाले होते, पण त्याला एक प्रतिष्ठा असते. आणि खरं सांगू? अपमानापेक्षा मला ओटा पुसणारी लेक डोळ्यांपुढे दिसली. माझ्या या हुशारीपायी तिची नोकरी जाणार होती! छाती पुढे काढून मी म्हणालो, "मॅडम, उद्या भिंगरीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या सायंवर्गात या. तिन्ही सॉफ्टवेअर समोर लावतो. मोजक्या पालकांची लेखी परवानगी घेतो आणि एकच परीक्षा घेतो. चुकीचा माणूस मूल न्यायला आला तर काय होतं, एवढंच बघायचं."

मॅडमनी चष्मा घातला. हा शुभशकुन असतो.

परवानगी द्यायला पहिली पुढे आली ती माझीच लेक. इतरही आया तयार झाल्या. चुकीचा माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. मी आक्षेपरावांना विचारलं आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी आक्षेप घेतला नाही. उलट त्या दिवशी ते नवी विजार घालून आले.

सायंवर्गाची खोली लहानशी. दारात टेबल, टेबलावर संगणक, मागे ताई, आणि ताईंच्या मागे मुलं. ताई नोकरीत नव्या आणि मॅडमना बघून घाबरलेल्या. आधी हसरी कंपनी. आक्षेपराव पुढे झाले आणि घसा खाकरून म्हणाले, "मी भिंगरीला न्यायला आलोय." पडद्यावर प्रश्न आला, मुलाशी नातं? आक्षेपरावांनी 'इतर' दाबलं. हिरवी खूण आली, एक मूल हसलं आणि खाली अक्षरं आली, 'आपला दिवस आनंदात जावो!' मॅडमनी चष्मा काढला. हसऱ्या कंपनीचा माणूस हसायचा थांबला.

मग होकारवाले. त्यांचं सॉफ्टवेअर आक्षेपरावांना बघून गोल गोल फिरायला लागलं ते थांबेचना. मागे खऱ्या आया खोळंबल्या, त्यांनाही मुलं मिळेनात. "हे थांबू शकतं का?" मॅडमनी विचारलं. "होऊ शकतं मॅडम," तो म्हणाला, पण झालं नाही.

शेवटी सर्दीवाल्या बाई. आक्षेपराव पुढे आले. पडदा लाल झाला. 'या व्यक्तीला मूल देऊ नये. आईला कळवलं आहे.' तेवढ्यात इस्पितळातून लेकीचा फोन ताईंना आलाच, "कोण आलंय हो तिला न्यायला?" आक्षेपरावांनी 'इतर' शोधलं, तर इतर नव्हतंच. त्यांनी खिशातून कचेरीचं ओळखपत्र काढलं, आवाज चढवला, खरेदी विभाग बंद पाडायची धमकी दिली. पडदा लाल तो लाल. माणूस कसाही असो, पण अभिनय काय केला!

मला इतका आनंद झाला की राहवेना. "मॅडम, हा झाला चुकीचा माणूस. आता बरोबर माणूस बघा!" असं म्हणून मी कोट सारखा केला, टेबलाशी गेलो आणि ऐटीत म्हणालो, "ताई, भिंगरीला द्या. मी तिचा सख्खा आजोबा."

ताईंनी माझं नाव घातलं.

पडदा लाल.

"परत बघा," मी म्हणालो.

ताईंनी परत बघितलं. त्यांचे कान माझ्यापेक्षा लाल झाले होते. "सर, आईने दोनच नावं दिलीत. स्वतःचं आणि आजीचं. तुमचं नाही."

माझ्या मागे कोणीतरी खुदकन हसलं. ते आक्षेपराव होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी या समितीचा अध्यक्ष! या मुलीच्या जन्माचे पेढे मी अख्ख्या कचेरीला वाटलेले!

"अहो ताई, मी अधीक्षक आहे. तुमच्या नेमणुकीचं पत्र माझ्या सहीने गेलंय."

"हो सर." त्यांनी लाल पडद्याकडे बोट केलं. "पण मी नाही देऊ शकत."

सर्दीवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "मी आतून नाव घालून देऊ का? कंपनीला करता येतं."

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात ताई उठल्या. त्या दोन्ही हात टेबलावर टेकवून दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, तोंड करून उभ्या राहिल्या. "नाही. आईने घालायला हवं. कंपनीने नाही आणि सरांनीही नाही." आणि त्यांच्या पाठीमागून भिंगरी मान काढून म्हणाली, "आजोबा, बाजूला थांबा ना. मागे रांग लागलीय."

तेव्हा मला ते दिसलं. टेबलापलीकडे माझी नात होती. अलीकडे एक मोठा हुद्देदार, कोटवाला, आवाज चढवणारा माणूस उभा होता, आणि काही केल्या तो तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हता. तो माणूस मी होतो, हे खरं. पण उद्या दुसरा कोणी असता तर? माझ्या लेकीने रात्रंदिवस दुसऱ्यांची आजारी माणसं सांभाळायची ती याच भरवशावर ना? इतका अपमान आणि इतका अभिमान एकाच वेळी मी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. दोन्ही एकाच कोटात मावेनात.

मी बाजूला झालो आणि सर्दीवाल्या बाईंना म्हणालो, "हे नाव घालून देण्याचं दार तुमच्याकडूनही बंद करा. त्या अटीवर आम्ही हेच घेतो." मग मॅडमकडे वळलो. "अध्यक्षांची शिफारस झाली."

"काही आक्षेप?" मॅडमनी विचारलं.

आक्षेपरावांनी माझ्याकडे पाहिलं, लाल पडद्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नाही." कचेरीच्या इतिहासात हे प्रथमच घडलं. मॅडमनी तिथेच, मुलांच्या रंगपेटीवर कागद ठेवून सही केली. सायंवर्ग वाचले. मग ही आली, आजी म्हणून हिरव्या खुणेने आत गेली आणि नातीला घेऊन बाहेर आली. मी त्या दोघींच्या मागून, दप्तर घेऊन, घरी गेलो.

रात्री जेवताना मी लेकीला विचारलंच, "माझं नाव का नाही घातलंस गं?"

"बाबा, तुम्ही पोस्ट बंद व्हायच्या आधी कधी कचेरीतून सुटलात? सुचलंच नाही मला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती एकदम खाली बसली. "रागावलात?"

"रागावतोय कसला! तुझी नोकरी राहिली, बस्स. तुला सांगतो, मी इतकी चांगली वस्तू कचेरीसाठी दुसरी घेतलेली नाही."

ती हसली आणि डोळे पुसले. ओटा नाही पुसला. तिथल्या तिथे फोन घेऊन तिने माझं नाव पाठवलं. पण नुसतं पाठवून भागत नाही. ताईंनी माणूस समोर बघून मंजूर करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: 'कौटुंबिक महत्त्वाचं काम'. दाढी केली. सायंवर्गाच्या रांगेत उभा राहिलो. पुढे एक धोब्याच्या दुकानातली बाई होती, मागे एक सुतार. मी अधीक्षक आहे हे कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. माझा नंबर आला. ताईंनी माझं ओळखपत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत ओळखपत्र पाहिलं. मग मागे वळून म्हणाल्या, "भिंगरी, इकडे ये. हे कोण तुझे?"

तिने मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. नियमच आहे तसा.

"आजोबा," ती म्हणाली. "माझेच आहेत."

ताईंनी कळ दाबली, तिचा हात धरून टेबलाला वळसा घालून आल्या आणि तो माझ्या हातात दिला.

"न्या," त्या म्हणाल्या.